रिकाम्या काचेवरचं डाळिंबाचं पान

कॅमेऱ्यात दिसलं म्हणजे ते समोर होतंच, असं तुम्ही कुणाच्या भरवशावर म्हणता? मी विज्ञानाच्या भरवशावर म्हणायचे. आमच्या घरात देव्हारा नाही, अंधश्रद्धेविरुद्धच्या पत्रकांचे गठ्ठे आहेत. आमच्या कळस गावच्या चौकात ती वाटताना मी शिव्याही खाल्ल्यात. त्यामुळे हे लिहायला लाज वाटतेय... तरी लिहिते.

मी बारामतीतल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करते. तिथे लेसरचा झोत बांगडीसारखा, मधे काळा, असा घडवून नमुन्यातून सोडतो. त्यावर दुसरा साधा झोत टाकला की पट्ट्यांची नक्षी उमटते — होलोग्राम. कॉम्प्युटर त्यातून चित्र बांधतो. साध्या सूक्ष्मदर्शकात धूसर राहतं तेही दिसतं. पण आधी नुसत्या पाण्याच्या थेंबाची रिकामी काच कॅमेऱ्यात टिपायची आणि नमुन्यातून ती वजा करायची. धूळ, डाग निघून जातात.

मागच्या उन्हाळ्यात, सकाळी अकराला, वडिलांचे मित्र तात्या वरकुट्याहून आले. रुमालात डाळिंबाचं पान. तेल्या रोगाचा संशय, बागेतून बागेत पसरणारा जिवाणूंचा रोग.

"बाग ठिवू का उपटू, येवढंच सांग."

"थांबा तात्या, आधी पाण्याची काच घेते."

"तुज्या यंत्राला बी पावण्यासारखं आधी पानी लागतं व्हय?"

रिकामी काच टिपली. मगच पान कापलं. ब्लेड घसरलं, कडेला वाकडी खाच पडली. रोग असेल तर कापलेल्या कडेतून जिवाणूंचा धुरकट ओघ पाण्यात उतरतो. तुकडा थेंबात ठेवून नमुना टिपला, वजाबाकी केली. पडदा स्वच्छ.

"न्हाय ना काय?" तात्यांनी टोपी काढून हातात घेतली होती.

'नाही' ओठांवर आलं होतं. पण ओघ नाही हे ठीक... पान कुठे गेलं?

मी रिकाम्या काचेचं चित्र उघडलं. त्यातही नमुन्यातलंच पान होतं. तीच वाकडी खाच, जिवाणूंचा तोच ओघ; म्हणून वजाबाकीत सगळं निघून गेलं होतं. फाइलची वेळ मात्र पान कापण्याच्या सहा मिनिटं आधीची.

"रोग आहे, तात्या."

"मग मगाशी साफ का दावलं?"

"माहीत नाही."

"तुला बी न्हाय? आता पत्रकात काय छापशील?"

दुसऱ्या लॅबनेही रोगच सांगितला. तात्यांनी बाग काढली. शेजाऱ्यांच्या बागा वाचल्या. घड्याळ, फाइलींची अदलाबदल, जुनी काच — प्रयोगशाळेच्या सरांनी आणि मी सगळं तपासलं, चूक सापडली नाही. भूत म्हणणार नाही. कळलं नाही, एवढंच म्हणते.

तुम्ही असं यंत्र चालवत असाल तर वजा करण्याआधी रिकाम्या काचेचं चित्र स्वतःच्या डोळ्यांनी बघा. काही दिसलं तर ती फाइल पुसू नका. वेळेसकट इथे, या लेखाखाली टाका, आणि समोर बसलेल्या माणसाला खरं सांगा.