पाटलाच्या चिठ्ठीविना

मी अकोल्याला निघाले त्या सकाळी बाने माझी लोखंडी पेटी डोक्यावर घेतली आणि फाट्याकडे न वळता तो सरळ गावाकडे चालू लागला. आमचा बेडा, म्हणजे आमची वस्ती, गावाबाहेर, वलगावच्या पुढे, अचलपूरच्या रस्त्याला लागून. एसटी थांबते फाट्यावर. मी म्हटलं, "बा, फाटा इकडे हाये ना!" मागे न बघता तो म्हणाला, "पयले पाटलाच्या घरी जाऊ. चिठ्ठी घेऊ, मंग जाय."

ही चिठ्ठी म्हणजे पोलीस पाटलाच्या हातचा चार ओळींचा कागद. अमक्याची मुलगी अमक्या दिवशी अमक्या गावाला गेली, मला सांगून गेली, खाली सही. आम्ही फासेपारधी. इंग्रजांनी कायदा करून आमच्या अख्ख्या जमातीला जन्मतःच गुन्हेगार ठरवलं होतं. माझ्या आज्याला ठाण्यात अंगठा उठवून हजेरी द्यावी लागे, शेजारच्या गावच्या बाजाराला जायचं तरी पास लागे. तितरांसाठी फासे लावत रानोमाळ हिंडणारी माणसं आम्ही, आणि आमचं हिंडणंच गुन्हा ठरलं. स्वातंत्र्यानंतर तो कायदा गेला. बा त्यानंतरचा. त्याच्याकडे हजेरी कुणीच मागितली नाही, पण चोरी कुठेही होवो, जीप आधी बेड्यावर येते हे तो लहानपणापासून बघत आला होता. म्हणून लग्न असो की मयत, एक रात्र जरी बाहेर काढायची असली तरी तो आपणहून पाटलाची पायरी चढायचा. पाटील माणूस वाईट नव्हता. लिहून द्यायचा, कधी चहाही पाजायचा, फक्त आमचा कप वेगळा असायचा. अशा सगळ्या चिठ्ठ्या बाने पत्र्याच्या एका डब्यात जपून ठेवल्या होत्या. लोक सातबारा जपतात तशा.

मी बेड्यावरची पहिली बारावी पास पोरगी. आश्रमशाळेत शिकलेली, नर्सिंगला नंबर लागलेली, डोक्यात वारं शिरलेली. भर रस्त्यात उभी राहून मी बोलले, "मी शिकाले चालली, चोरी कराले नाही. मले नाही पाहिजे कोनाची चिठ्ठी." बाने डोक्यावरची पेटी सावरली. मग "बरं," म्हणाला आणि फाट्याकडे वळला. गाडीत पेटी ठेवताना एवढंच म्हणाला, "कोनाशी भांडू नको. आपली बोली बाहेर काढू नको." अमरावतीच्या स्टँडवर अकोल्याची गाडी मिळेपर्यंत मी हवेतच होते. आज्याच्या अंगठ्यापासून चालत आलेली गोष्ट मी एका वाक्यात संपवली, असं मला वाटत होतं.

चार दिवसांनी गावातल्या एका लग्नघरातले दागिने गेल्याचं लक्षात आलं.

हे मला दिवाळीत कळलं, तेही मायकडून, चुलीपाशी. मी होस्टेलवर चादरीचे कोपरे ताठ दुमडायला शिकत होते, तेव्हा बा कोठडीत होता. तीन दिवस त्याला तेच ते प्रश्न. पोरगी पेटीत काय घेऊन गेली? न सांगता काहून गेली? तीन दिवसांनी दागिने त्याच लग्नघरातल्या कोठीत, तांदळात पुरलेले सापडले. घाईगर्दीत घरच्याच बाईने लपवले होते आणि विसरली होती. बाला सोडून दिलं. चुकलं म्हणायला कुणी आलं नाही.

बाचं मनगट वाकडं दिसत होतं. मी विचारलं तर म्हणाला, "घसरून पडलो." त्याच्या डाव्या मनगटाचं हाड वाकडं जुळलंय. ते पडून मोडलेलं नाही, हे नर्सिंगच्या पहिल्या वर्षाची पोरगीही सांगेल. चिठ्ठी असती तर तो वाचला असता का, मला माहीत नाही. पण या प्रश्नाने मला कधी सोडलं नाही.

त्यानंतर मी बाची दुसरी गोष्ट मात्र तंतोतंत पाळली. बोली बाहेर काढली नाही. आडनाव चव्हाण, त्यामुळे कुणी खोलात शिरलं नाही. अकोल्यात वऱ्हाडी बोलले, पुण्यात आल्यावर तेही पुसून काढलं. आज मी एका मोठ्या हॉस्पिटलात सिस्टर इनचार्ज आहे, सोसायटीत दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. तरी कॅज्युअल्टीत खाकी कपडे दिसले की मी खुर्चीवरून उठते. फ्लॅट भाड्याचा होता तेव्हा भाडेकरूंची पोलीस पडताळणी करायची होती. माझ्यासोबत राहणारी मैत्रीण मोबाइलवर फॉर्म भरताना नुसती कंटाळली होती. मला 'मूळ गाव'पाशी घाम फुटला. तिला फक्त कंटाळा येऊ शकतो, याचा मला तेव्हा फार हेवा वाटला.

माय गेल्यावर बाला मी इकडे आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर अंथरूण रिकामं. कपाटावर ठेवलेला पत्र्याचा डबाही नव्हता. कुठे शोधायचं याचा मला क्षणभरही विचार करावा लागला नाही.

चौकी दोन गल्ल्या सोडून. बा दारापाशी जमिनीवर उकिडवा बसला होता, पोटाशी डबा. समोर कोवळ्या वयाची एक महिला पोलीस हैराण होऊन उभी. "ताई, हे तुमचे का? मघापासून सांगतेय, आजोबा, खुर्चीवर बसा, तर बसत नाहीत. नोंद घ्या म्हणतात. कसली नोंद?"

बा तिला हात जोडून सांगत होता, "मी आलो म्हून सांगाले आलो, बाई. उद्या तुमच्या हद्दीत काई झालं, तं माह्या पोरीवर नको याले. तिची नवकरी हाये."

मला आधी रागच आला. इतकी वर्षं जे लपवलं ते याने सकाळी आठ वाजता चौकीच्या दारात उघडं करून ठेवलं. मग त्याचं मनगट दिसलं. मी तिथेच, सगळ्यांसमोर रडले.

ती पोरगी बिचारी समजावत राहिली, "आजोबा, असं काही नसतं आता." पण बा उठेना. आणि मग मी, जिने भर रस्त्यात चिठ्ठी नाकारली होती, तीच मी तिला म्हणाले, "मॅडम, यांना दोन ओळी लिहून द्या ना." तिने माझ्याकडे नीट पाहिलं. डब्यातल्या पिवळ्या पडलेल्या चिठ्ठ्या पाहिल्या, दोन-तीन वाचल्या. वहीचं पान फाडून लिहिलं, 'हे आजोबा आपल्या मुलीच्या घरी राहायला आले आहेत.' बाने शिक्का मागितला. ती म्हणाली, "मुलीच्या घरी राहायला शिक्का लागत नाही, आजोबा." बाने कागदाची घडी घालून डब्यात टाकली. घरी येताना मी त्याच्याशी आमच्या बोलीत बोलले. लिफ्टमध्ये शेजारच्या काकूंनी विचारलं, ही कुठली भाषा? मी सांगितलं, पारध्यांची.

बेड्यावरच्या पोरींनो, आणि माझ्यासारखं निघून आलेल्यांनो, सगळं मिटलं असं मी म्हणत नाही. जीप अजून आपल्याकडेच आधी वळते, हे तुमच्या फोनवरून मला कळतं. चिठ्ठी घ्या की नको, हे तुम्हाला सांगायचा मला अधिकार नाही. तो निर्णय मी एकदा घेतला आणि त्याची किंमत दुसऱ्याने दिली. मला फक्त गेल्या रविवारचं सांगायचं आहे.

ड्यूटीवरून आले तर दाराला कुलूप. बाचा मोबाइल आत वाजत होता. मी धावत चौकीत गेले. ती पोलीस पोरगी म्हणाली, नाही, आज आले नाहीत. बाग पाहिली, मंडई पाहिली, नाही. परत येऊन दारातच बसले. तासाभराने बा जिन्याने वर आला, हातात मेथीची जुडी.

"कुठी गेल्ता, बा?"

"कुठी नाई. असाच. फिराले."

सांगून जायला काय झालं होतं, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं. आत जाऊन कपाटावर पाहिलं. डबा होता तिथेच होता, त्यावर पातळ धूळ बसली होती. मी ती पुसली नाही. मेथी निवडायला घेतली.