मागून लावलेला पाय

मी आयुष्यभर नववीला विज्ञान शिकवलं आणि एक उत्तर दरवर्षी न चुकता चूक आलं. टोलवलेला चेंडू हवेत पुढे का जात राहतो? पोरं लिहायची, बॅटचं बल त्याच्यात शिल्लक असतं म्हणून. मी लाल पेनाने काट मारायचे. अरे बाबांनो, बॅट सुटली की बल संपलं! उरते ती नुसती गती, आणि ती चेंडूची असते, बॅटची नाही. आता कोथरूडला घरी शिकवणीला येणारी मुलं बलाला 'फोर्स' म्हणतात, एवढाच काय तो फरक.

ऐकून ऐकून ह्यांनाही हे सगळं पाठ झालं होतं. ह्यांचं ऑफिस बुधवार पेठेत आणि माझी शाळा वाटेवरच. दोघांच्या दोन गाड्या, पण सकाळी निघायचो बरोबर. माझ्या स्कूटरचा पेट्रोलचा काटा बंद पडलेला, त्यात पंपावर रांग लावायचा मला भारी कंटाळा. गाडी मध्येच थांबली की हे मागून येऊन फुटरेस्टला पाय लावायचे आणि ढकलत पंपापर्यंत न्यायचे. पुण्यात हे रोज कुठे ना कुठे दिसतं, त्यात विशेष काही नाही. "बाई, बल लावतोय. आपण हँडल तेवढं सरळ धरा," असं वर ऐकवायचे. मी चिडायचे. आता त्याच टोमण्यासाठी जीव तुटतो.

हे गेल्या वर्षी गेले. बंगळुरूहून मुलगा सारखा मागे लागला, "आई, रिक्षाने जात जा ना. विकून टाक ती गाडी." गाडी गेली की आमचं ते बरोबर निघणं खरोखरच संपणार, हे त्याला कसं सांगायचं? हो म्हणाले. गिऱ्हाईकही लगेच मिळालं. मागच्या महिन्यात एका दुपारी त्याला गाडी द्यायला निघाले. टाकीत पेट्रोल जेमतेम असणार हे माहीत होतं. पण विकायच्या गाडीत पेट्रोल कोण भरतं हो? मी तरी नाही.

व्हायचं तेच झालं. कर्वे रस्त्यावर गाडीने मान टाकली. कशीबशी कडेला घेत होते, तेवढ्यात मागून आवाज आला, "बसा काकू, मी पाय लावते." वळून बघायच्या आत गाडी हललीसुद्धा. इंजिनाचा आवाज नाही आणि गाडी चाललीये, मागून तोच एकसारखा जोर. कोण आहे ते दिसत नव्हतं आणि मला बघायचंही नव्हतं. वेड्यासारखी सुखावले मी.

पंप दिसला तशी ती मुलगी "काकू, ब्रेक!" म्हणाली आणि तिने पाय काढला. गाडी आपसूक पुढे जात राहिली. ब्रेक माझ्या बोटांखालीच होता. मी तो दाबला नाही. पंप गेला, पुढचा बसथांबाही गेला. बल केव्हाच संपलं होतं, हे मला नाही तर कुणाला ठाऊक? तरी गाडी चालतेय तोवर त्या जोरातलं काहीतरी शिल्लक आहे, असंच वाटत होतं. थांबूच नये, एवढंच मनात होतं. मग वेग कमी होत गेला आणि गाडी थांबली.

मुलगी तिची गाडी कडेला लावून धावतपळत आली. कॉलेजातली असावी. "ब्रेक लागत नाहीत का? बरं वाटत नाहीये का? घरी कुणाला फोन करू? नंबर सांगा."

मी एका दमात सांगितला. तिने लावला, थोडा वेळ कानाशी धरला.

"काकू, हा नंबर बंद आहे म्हणतायत."

तेव्हा कळलं, मुलाचा नव्हे, मी ह्यांचा नंबर दिला होता. भर रस्त्यात, अनोळखी मुलीसमोर, मी ढसाढसा रडले.

गाडी मी दिली नाही. मुलाला कळवलंय, गिऱ्हाईकच फिरलं म्हणून.