पेपरात नसलेलं वाक्य

तेंदूपत्त्याचा वास आला की साकोलीतली ती संध्याकाळ आठवते. माय मांडीवर सूप घेऊन विड्या वळायची आणि मी पेपरातल्या, कामाविषयीच्या सदरातल्या चार ओळी तिला रोज वाचून दाखवायची. छापलेलं खोटं नसतं, असं ती मानायची. त्या दिवशी ती तापाने फणफणली होती, तरी हात थांबेनात. मी रडले, सूप ओढलं, पाया पडले. ती म्हणाली, "आजचं वाच ना वं." पेपरात छापलं होतं, "सवयीने काम सोपं होतं." पण मी वाचलं, "आज हात थांबवा." "असं लिवलं हाये?" "हो, माय." तिने सूप खाली ठेवलं आणि परत कधीच उचललं नाही; त्या तापातून ती उठलीच नाही. पेपरातलं ते कामाविषयीचं सदर मी अजून रोज वाचते. ते वाक्य कधीतरी कुणीतरी खरंच छापलेलं सापडावं, म्हणून.