फुंकर आणि सावकाश

माझ्या मामांना स्नूकरच्या हॉलमध्ये कोणी नावानं हाक मारत नाही. तिथे ते 'फुंकर'. जिन्याखालच्या खोलीत, जिथे सरळ उभं राहिलं की डोकं पायरीवर आपटतं, तिथे बसून ते चौतीस वर्षं क्यूंना टिपा लावतायत. टिप म्हणजे क्यूच्या टोकावरची, शर्टाच्या बटणाएवढी चामड्याची चकती. क्यू कितीही भारी असो, टिप सुटली की हातात उरते ती नुसती काठी.

मामांची पद्धत ठरलेली. जुनी टिप ब्लेडनं खरवडायची, पितळी टोक पॉलिश पेपरवर घासून सपाट करायचं. मग तोंड जवळ न्यायचं, डोळे मिटायचे आणि घशातून 'हाऽऽऽ'. आरसा पुसण्याआधी आपण वाफ सोडतो ना, तशी. त्यावर झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा एक थेंब, वर टिप, त्यावर अंगठा, आणि दहापर्यंत आकडे. "झालं! चला, पुढचा!" ही वाफ त्यांना त्यांच्या उस्तादांनी शिकवलेली. किंचित दमट पितळेवर तो गोंद लवकर धरतो, म्हणून.

पूर्वी त्याच खोलीत दुसऱ्या स्टुलावर सावकाशकाका बसायचे; हॉलमध्ये ते नुसतेच 'सावकाश'. दोघांची भागीदारी. काकांचा गोंद वेगळा, चपलांच्या तळव्यांना लावतात ते सोल्यूशन. दोन्हीकडे पातळ थर द्यायचा, बोटाला चिकटेनासा झाला की टिप दाबून बसवायची आणि दिवसभर हात लावायचा नाही. लहानपणी मी त्या खोलीच्या दारात उभं राहून दोघांची जुंपलेली ऐकलीय. मामा फटाक्यासारखे बोलायचे, आणि काका प्रत्येक शब्द आधी चघळून.

"अरे, तुझा गोंद वाळेपर्यंत गिऱ्हाइकाला नातू होईल!"

"होऊ दे की... नातवालाही... तीच टिप चालेल."

"आणि माझी काय पडते का?"

"पडत नाही. पण 'टक' वाजते. गोंद आत मुरून चामड्याचा दगड होतो. माझी बघ, 'ठप' वाजते."

"ठप म्हणे! इथे काय तबला शिकवतोस?"

अकरा वर्षांपूर्वी हॉलच्या मॅनेजरनं फर्मान काढलं, की सगळ्या क्यूंना एकच काय तो गोंद ठरवा. काकांनी डबा मामांच्या पुढे ठेवला. "तूच लाव. मी लावल्या तर म्हणशील, हातचलाखी केली." आणि बाहेर जाऊन बसले. मामांनी चार क्यूंना सोल्यूशननं टिपा लावल्या, अगदी मन लावून. आठवड्याच्या आत चारही गळल्या. त्यातली एक तर भर मॅचमध्ये उडून पंचांच्या बुटापाशी पडली. मामा सगळ्यांसमोर म्हणाले, "मी म्हणत होतोच. चपलेचा गोंद चपलेलाच." हॉल हसला. त्या हशानंतर काकांकडे कोणी क्यू देईना. ते एका गोदामात खोकी बांधायला लागले. गेल्या वर्षी ते वारले. मामा अंत्यविधीला जाऊन आले.

आणि या सोमवारी संध्याकाळी काकांची लेक आमच्या दारात उभी. एका हातात क्यूची लांब पेटी, दुसऱ्या हातात सोल्यूशनचा नवा कोरा डबा. ती मामांना म्हणाली,

"काका, शनिवारी माझी निवड फेरी आहे. बाबांनी लावलेली टिप झिजून संपली. नवीन लावून हवीय. पण याच गोंदानं."

मामांचा चेहरा पडला. "पोरी, हा गोंद सुटतो. सगळ्या हॉलनं पाहिलंय. तुझी फेरी वाया जाईल."

"बाबांनी लावलेली चार वर्षं सुटली नाही."

"मग माझ्याकडे कशाला आलीस?"

"ते म्हणायचे, हात त्याच्यासारखा कोणाचा नाही. नुसती घाई फार."

मामांनी पेटी ठेवून घेतली. तिचा क्यू धोक्यात घालायचा नव्हता, म्हणून माळ्यावरून एक मोडका क्यू काढला आणि स्वयंपाकघरातल्या ओट्यावर त्याला आधी टिप लावून पाहिली. पितळ घासलं, 'हाऽऽऽ' केलं, थर दिला, वाळवला, दाबला. मंगळवारी संध्याकाळी नखानं उचकटली तर टिप खपलीसारखी निघून आली. मामांनी ती हातावर घेतली. "बघा, खोटं बोलत नव्हतो मी," असं कोणाला तरी सांगितलं. जिंकलेल्या माणसाचा आवाज मात्र नव्हता तो.

दुसऱ्यांदा लावायला बसले तेव्हा मामी समोर चहा गाळत होती. मामी वीस वर्षं पिशव्यांच्या कारखान्यात चामड्याचे पट्टे चिकटवते. पण मामांचं काम हॉलमध्ये आणि तिचं कारखान्यात. एकमेकांचे हात चालताना दोघांनी कधी पाहिलेच नव्हते.

मामांनी डोळे मिटले. "हाऽऽऽ..."

"अहो! हे काय?"

"काय म्हणजे? फुंकर."

"ही कसली फुंकर? ही तर वाफ. सोल्यूशनवाल्या कामाला पाण्याचा वास पण चालत नाही. आमच्याकडे ओल्या हातानं पट्टा धरला तर मुकादम अख्खा कारखाना डोक्यावर घेतो. गोंद वरून धरल्यासारखा दिसतो आणि दोन दिवसांत पापुद्रा सुटतो."

"चौतीस वर्षं करतोय मी हे."

"त्या दुसऱ्या गोंदाला. याला नाही ना?"

मामांनी पितळ कोरड्या फडक्यानं पुसलं, ओठ घट्ट मिटले आणि गाल फुगवून, श्वास रोखून थर दिला. एरवी मला ती पोज बघून हसू आवरलं नसतं. गुरुवारी ती टिप नखानं निघेना, ब्लेडनं निघेना. शेवटी मामांनी पक्कड लावून ओढली. चामडं मधोमध फाटलं, अर्धं पकडीत आलं, पण अर्धं पितळेला चिकटून राहिलं ते राहिलंच.

मामा खाली फरशीवर बसले. "चारही," म्हणाले. "त्या चारही क्यूंवर मी फुंकर मारली होती गं." मामीनं गॅस बंद केला आणि त्यांच्याशेजारी बसली.

मग काकांच्या लेकीच्या क्यूला त्यांनी तशीच, श्वास रोखून टिप लावली. शुक्रवारी संध्याकाळी ती आली तेव्हा क्यू तिच्या हातात द्यायच्या आधी त्यांनी सगळं सांगितलं. एरवी फटाफट बोलणारे मामा त्या दिवशी एकेक शब्द चघळून बोलत होते, अगदी काकांसारखे.

तिनं टिपेवरून अंगठा फिरवला. "बाबा दर सुट्टीला डबे बदलून बघायचे," म्हणाली. "या कंपनीचा, त्या कंपनीचा. जेवणाच्या टेबलावर टिपाच टिपा. एकही सुटायची नाही. तरी म्हणायचे, त्या चार कशा सुटल्या तेच कळत नाही, माझंच काहीतरी चुकलं असणार. तुम्हाला सगळे फुंकर म्हणतात, काका. आणि बाबांच्या ते लक्षातच आलं नाही."

"रोज बघायचा ना. रोजचं कुठे दिसतं?" मामा म्हणाले. "मी मुद्दाम नाही केलं."

"माहितीय. पण हसले सगळे. हॉलमध्ये सांगाल?"

मामांनी मान हलवून होकार दिला.

शनिवारी फेरी सुरू व्हायच्या आधी ते मधल्या टेबलापाशी उभे राहिले. मॅनेजर म्हणाला, "बोला फुंकर, काय जाहीर करताय?" मामांनी सांगितलं, की अकरा वर्षांपूर्वी टिपा गळल्या त्या सोल्यूशनमुळे नाही, माझ्या वाफेमुळे. सावकाश बरोबर होता आणि मी त्याला हॉलमधून घालवलं. निम्म्या लोकांना मुळात काका आठवतच नव्हते. "कोण? ते हळू बोलायचे, ते का?" असं एकानं विचारलं. दुसरा म्हणाला, "जाऊ द्या हो, गोंद तो गोंद." मॅनेजर घड्याळ बघायला लागला. मामा इकडून तिकडे सगळ्यांची तोंडं बघत राहिले. शिव्या ऐकायची तयारी करून आले होते. शिवी द्यायला तिथे कोणी उरलंच नव्हतं.

तिनं मात्र शब्दन् शब्द ऐकला. मग टिपेवर खडू फिरवला, वाकली आणि पहिला फटका मारला. सगळ्यांच्या नजरा चेंडूमागे गेल्या. मामांनी डोळे मिटले होते.

ठप.

फेरी ती हरली. शेवटच्या डावातला काळा चेंडू खिशाच्या तोंडाशी अडला. टिप जागच्या जागी होती. क्यू पेटीत ठेवताना ती मामांना म्हणाली, "पुढच्या वेळी टिप मी लावणार. तुमच्या खोलीत, बाबांच्या स्टुलावर बसून."

"बस की. कधीही ये."

"आणि तुम्ही समोर बसायचं. तोंड बंद ठेवून."

मामांनी ओठ घट्ट मिटले आणि मान डोलावली. तिला हसू आलं, पण लगेच तिनं तोंड फिरवलं. खोलीत काकांच्या स्टुलावर जुन्या खोक्यांची चळत होती. मामांनी ती त्याच दुपारी उतरवली.