डेलिशाची बाटली आणि कार्मीनमांयची राख

गेल्या नाताळात आमच्या वाडीत बातमी फुटली, की डेलिशाबायनं पुण्याची नोकरी सोडून परसात फेणीची भट्टी घातली. बातमी पक्की होती. पक्की म्हणजे, तिठ्यावर मीच सांगितली होती. पुरावा? तिच्या खिडकीत बोटभर उंचीची बाटली, आत मधासारखं दाट काहीतरी, आणि बाई दिवसातून दहादा ती उजेडात धरून बघते. इतक्या मायेनं माणूस दुसरं काय बघतं?

खरं सांगायचं तर नोकरी शाबूत होती, मार्चअखेर निवृत्ती होती. आणि बाटलीत होती तिची अकरा वर्षं.

डेलिशा माझ्या शेजारच्या कार्मीनमांयची एकुलती एक. मांयनं तीस वर्षं काजूच्या कारखान्यात काजी फोडल्या. टरफलाचं तेल कातडी जाळतं, म्हणून आधी बोटांना राख चोळायची, मगच काजीला हात लावायचा. लेक शिकली, पुण्यात रसायनशास्त्राची डॉक्टर झाली (मी एकदा गुडघा दाखवला, तर पोट धरून हसली), चार वर्षं जर्मनीत राहिली, आणि फिरून त्याच तेलाच्या मागे लागली. त्यातून क्षयावर उपयोगी पडेलसा नवा रेणू बांधायचा होता तिला. चौदा पायऱ्या! एका बाजूला काही जोडायला जावं तर दुसरी बाजू बिघडते, म्हणून ती बाजू आधी झाकायची आणि काम झालं की झाकण काढायचं, असं तिनं मला समजावलं.

"म्हणजे मांय हाताक राख लावता तसा?"

"बाबल्या, मगे शाळेत तू इतको ढ कसो होतंस रे?"

एकट्या सातव्या पायरीनं तिची तीन वर्षं खाल्ली. रेणू एकदाचा झाला, पण घट्ट होईना. तिचा लेख तपासणारे परदेशातले परीक्षक अडून बसले: स्फटिक करा, क्ष-किरणांनी रचना दाखवा, तरच तुमचं म्हणणं मानू. तिनं गार करून बघितलं, काचेच्या कांडीनं खरवडून बघितलं, द्रव बदलून बघितले. काकवी ती काकवीच. आणि मार्चनंतर प्रयोगशाळा दुसऱ्याच्या हाती जाणार. म्हणून बरंचसं तिकडच्या कपाटात ठेवून थोडं ती सोबत घेऊन आली. "हंयची हवा लागून काय होता ता बघूया," म्हणाली. आणि आईला ताकीद दिली, "मांय, ह्या काजीच्या तेलापासून केलला आसा. हात लावू नको."

पण माझी बातमी मांयच्या कानी गेली होती. लेक खरंच फेणी गाळत असली तर पाद्रीबाबांना काय तोंड दाखवायचं? डेलिशा बाजारात गेली तशी म्हातारी खिडकीशी गेली. फेणी असली तर वास येईल. तेल असलं तर बोटं जळतील. म्हणून आधी चुलीतली राख दोन्ही हातांना चोळली, मग बूच काढून हुंगलं. वास आला नाही. राख मात्र आत पडली.

डेलिशा आली, बाटली बघितली आणि खाली बसली.

"बाबल्यान सांगल्यान म्हणान..." मांय पुटपुटली.

दोन दिवस मला त्या घरात चहा मिळाला नाही. तिसऱ्या सकाळी आमच्या मधल्या दगडी गडग्यापलीकडून हाक आली, "बाबल्या, धाव रे!" मी धावलो. बाटलीत राखेच्या कणाभोवती पांढऱ्या सुया उगवल्या होत्या, केसाएवढ्या बारीक. डेलिशा डोळे पुसत होती, आणि मांय विचारत होती, "आता ह्या गाळून काढूचा काय गो?"

स्फटिकाला कधीकधी धरून बसायला एखादा कण लागतो म्हणे. त्यातली एक सुई पुण्याच्या कपाटातल्या बाटलीत टाकली, तर तीही रात्रीत गोठली. क्ष-किरणांत रचना तीच निघाली, जी डेलिशानं अकरा वर्षांपूर्वी कागदावर काढली होती. परीक्षकांनी लेख मंजूर केला. छापलेल्या लेखाखाली आभारात कार्मीनमांयचं नाव आहे. माझं नाही. आता मी बातमी उठवली नसती तर म्हातारी बाटली हुंगायला गेली असती का? पण असो.

एप्रिलात डेलिशा कायमची घरी आली. मी गडग्यावरूनच विचारलं, "काय गो, अकरा वर्सां तू केलंस काय? काम तर म्हातारेच्या राखेन केल्यान!"

ती म्हणाली, "राख तुज्या चुलीतय आसा मा? घाल तुज्या फेणीत, नि बघ किती सुयो येतत त्यो."