निळा डाग

मिस्त्रींनी आमच्या बाथरूममध्ये नीळ घातलेलं पाणी साठवून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या छताला निळा डाग उमटला. दोन वर्षं मी त्यांना ठणकावून सांगत होते, गळती आमच्याकडची नाही. एकदाही खाली जाऊन पाहिलं नव्हतं.

आता मिस्त्री फरशांचे सांधे खरवडून त्यांत सीलंट भरत होते, साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या बोटाने ते दाबत होते. फट केसाएवढी. खात्री नसली की माणसाचा आवाज चढतो, माझाही तसाच चढला असावा.

डाग बघायला खाली गेले. त्याखालचा कोपरा रिकामा होता. काकूंचे देव फ्रिजवर एका ताटात बसले होते.

"इथे कधीपासून?"

"पाणी पडायला लागल्यापासून."

"मला बोलला नाहीत कधी."

"तुमच्या अंघोळीचं पाणी देवांवर पडतंय, असं कसं सांगायचं? तुम्हाला वाईट वाटलं असतं."

वर आले तेव्हा मिस्त्री हात धूत होते. "ताई, उद्यापर्यंत इथे पाणी टाकू नका. अंघोळ राहू द्या."

मी मान हलवली. तेवढी शिक्षा मला फारच कमी वाटली.