रस्ता बघून हवा

त्या रविवारी सकाळी मी धायरी फाट्यावर सायकल घेऊन सुजाताची वाट बघत उभी होते. आम्ही पानशेतकडे जाणार होतो. सुजाता नेहमी माझ्या आधी यायची, त्यामुळे फोन वाजला तेव्हा तिचं नाव बघून मी थोडी चिडूनच म्हणाले, “कुठे आहेस गं?” पलीकडे तिचा नवरा होता. “वैशालीताई, प्रशांत बोलतोय… सुजाता गेली.” “कुठे गेली? मी इथेच उभी आहे,” मी म्हणाले. खरंच म्हणाले. त्याला बिचाऱ्याला ते वाक्य मला पुन्हा सांगावं लागलं.

घरी खुर्चीत बसून बुटाची नाडी बांधायला ती वाकली आणि तशीच कलंडली. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली, असं डॉक्टर म्हणाले. नुकतीच चाळिशी ओलांडली होती तिनं. काही आठवडे उलटून गेलेत, पण मी अजून त्या फाट्यावरच उभी आहे असं वाटतं…

आमची ओळख हिंजवडीतल्या कंपनीत झाली. ती अमरावतीहून इंजिनिअर होऊन आलेली, कर्वेनगरात खोली घेऊन राहणारी. टीममधला जो तो गाडीसाठी कर्ज काढत होता, त्या दिवसांत हिनं पहिल्या पगारातून सायकल घेतली. कंपनीच्या गेटवर वॉचमननं अडवलं, “मॅडम, सायकल कामगारांच्या गेटनं.” ती म्हणाली, “मग बरोबर आहे, मी कामगारच आहे.” आणि नोकरी सोडेपर्यंत ती त्याच गेटनं आत गेली.

तिचं बघून मीही सायकल घेतली, पण दिखाऊ. शर्यतीची, बारीक टायरांची. टायर दगडासारखे होईपर्यंत हवा भरायची, म्हणजे सायकल पळते, अशी माझी समजूत. एका ओल्या सकाळी सिंहगड रोडवर डांबर संपून फरशीचे ब्लॉक सुरू होतात तिथे चाक उडालं, सटकलं आणि माझं गळ्याजवळचं हाड मोडलं. सुजाता भेटायला आली तेव्हा मी जाहीर केलं, “सायकल विकतेय.”  तिनं आधी पॅसेजमध्ये जाऊन टायर दाबून पाहिला.

“अगं, तुझा रस्ता कसाय? थोडं डांबर, थोडं काँक्रीट, मग ब्लॉक, मग खणून ठेवलेलं, पुढे खडी. आणि तू टायर घेतलायस फक्त गुळगुळीत रस्त्याचा. तो बिचारा रस्त्याला धरणार कसा?”

हाड जुळल्यावर ती मला सदाशिव पेठेतल्या एका दुकानात घेऊन गेली. सायकलच्या चौकटीत मावतील तेवढे रुंद टायर निवडले. मधोमध गुळगुळीत, कडेला खाचा असलेले. जाड नक्षीचे डोंगरी टायर तिला नको होते, डांबरावर नुसते घरघरतात म्हणे. दुकानदार कडक हवा भरायला लागले तसा तिनं त्यांचा हात थांबवला. “टायरवर आकडा छापलाय. वाचता येतो ना?” ते म्हणाले. “येतो की काका. तो जास्तीत जास्तचा आहे. आपण रोज पोट फुटेपर्यंत जेवतो का?” काका पहिल्यांदा हसले.

मग धायरीच्या एका अर्ध्याकच्च्या रस्त्यावर आमची शाळा सुरू झाली. जायचं, थोडी हवा सोडायची, पुन्हा जायचं. हँडल हाताला दणके देईनासं झालं की थांबायचं. फार सोडली तर खड्ड्यात रिम आपटते आणि ट्यूब चिमटते. मागच्या चाकावर वजन जास्त, म्हणून तिथे हवा थोडी जास्त. “आणि तुला माझ्यापेक्षा जास्त,” माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघत ती म्हणाली.

सिंहगड रोडवर पडले होते त्या जागी मात्र मी उतरले, चालत पलीकडे गेले. पुढच्या खेपांनाही तेच. चौथ्या की पाचव्या खेपेला मागून तिचा आवाज आला, “हात सैल सोड. टायर बघून घेतील.” ब्लॉक खालून खडखडत गेले आणि मी पडले नाही. पलीकडे पोचल्यावर मी रस्त्याच्या कडेला उभी राहून रडले. ती शेजारी उभी राहून पाणी पीत होती, जणू असं रोजच होतं.

इतके खराब रस्ते आम्ही पाहिले, पण कुठल्याच रस्त्यानं तिला काही केलं नाही. स्वतःच्या घरात, खुर्चीपाशी… हे मला अजून पचत नाही.

गेल्या आठवड्यात तिच्या घरी गेले. अमरावतीहून तिच्या आई आल्या आहेत. बाल्कनीत सुजाताची सायकल उभी होती. आईंनी मला तिथे नेलं. “काहून बसले हे टायर? कोनं हवा काढली का?”

“नाही, आई. नुसती उभी असली तरी हवा हळूहळू जाते.”

“त्या शनिवारी संध्याकाळी तिनंच भरली होती,” प्रशांत दारातून म्हणाला.

आई खाली बसल्या आणि मागच्या चाकावर हात ठेवला. “म्हणजे आता आत हाये, ते हवा तिनंच भरलेली?”

मी हो म्हणून मान हलवली. टायर असेच बसले तर चिरतात, हवा भरायला हवी, हे मला ठाऊक होतं. प्रशांत पंप घेऊन आलाही. आईंनी त्याच्याकडे वर पाहिलं.

“आज नोको,” त्या म्हणाल्या.

त्यानं पंप भिंतीला टेकवून ठेवला. मग आम्ही तिघंही तिथेच, सायकलशेजारी फरशीवर बसलो.